तो नेहमी उजवीकडेच जातो

सोमवार, ४ मे. सकाळी.

ठरलं. रविवारी त्यांच्या मैदानावर जायचं. सीझनची शेवटची मॅच. बरोबरी केली तर आपण या गटात टिकतो, हरलो तर खालच्या गटात. सगळं गाव टेन्शनमध्ये आहे. मी नाही. पाठीराखे मंडळाचा अध्यक्षच डगमगला तर बाकीच्यांनी बघायचं कुणाकडे?

चिरंजीव त्यांच्या संघात आहे, हे खरं. पण तो बदली गोलकीपर. बाकावर बसतो. त्याचा आणि या दौऱ्याचा काडीचा संबंध नाही.

सोमवार, संध्याकाळी.

संघाच्या जर्सी धुवायला आल्या. आपल्या लॉन्ड्रीशिवाय कुणाच्या हातात त्या जात नाहीत. चिखल सुटला, घाम सुटला, कॉलर ताठ झाल्या. चिरंजीवाची जुनी जर्सी अजून मागच्या दांडीवर लटकते आहे. सौ. म्हणाली, आता तरी घरी आणा. मी म्हणालो, ज्याचा कपडा त्याने येऊन न्यायचा. दुकानाचा नियम आहे, त्यात भावनेचा प्रश्न येत नाही.

गेल्या वर्षी तो संघ सोडून गेला. इथे जन्मभर बाकावरच बसावं लागेल, तिथे कधीतरी खेळायला मिळेल, असं म्हणाला. मी म्हणालो, घरचं बाक सोडून परक्याच्या बाकावर बसायला जाणं याला अक्कल म्हणत नाहीत. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. म्हणजे मी बंद ठेवलं आहे. त्यानेही ठेवलंय, पण माझं आधीचं.

मंगळवार, ५ मे.

मेहुणा धापा टाकत दुकानात आला. त्यांच्या मुख्य गोलकीपरचं बोट मोडलं. रविवारी चिरंजीव खेळणार.

इस्त्री एका गिऱ्हाइकाच्या पँटवर जरा जास्त वेळ राहिली. बातमीमुळे नाही. कापडच हलकं होतं.

सौ.ला सांगितलं तर म्हणे तिला कालच कळलं, फोन आला होता. मला का नाही सांगितलं, असं विचारलं. ती म्हणाली, तुमचा काडीचा संबंध नाही ना? ही बाई माझी डायरी वाचते की काय? जागा बदलायला हवी.

बुधवार, ६ मे.

झोप लागली नाही. उकाडा फार. सौ. गाढ झोपली होती, म्हणजे उकाडा पलंगाच्या माझ्याच बाजूला असावा.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पेनल्टी आली की चिरंजीव उजवीकडेच झेप घेतो. नेहमी. कारण मला माहीत आहे. लॉन्ड्रीमागच्या गल्लीत मीच त्याला शिकवलं आणि गल्लीत डाव्या हाताला बॉयलरची भिंत होती. डावीकडे उडी मारली की कोपर फुटायचं. पोरगं शहाणं, उजवीकडचंच शिकलं. हे गुपित जगात दोघांनाच ठाऊक आहे. त्यातला एक मी.

संकल्प: कुणाला सांगायचं नाही. बाप म्हणून नव्हे. आपला संघ असल्या मदतीवाचून जिंकण्याइतका भक्कम आहे म्हणून.

दुपारी.

संघ तितकासा भक्कम नाही. मागच्या सहा मॅचमध्ये पाच हरलो.

गुरुवार, ७ मे.

कॅप्टन स्वतः जर्सी न्यायला आला. चेहरा उतरलेला. वर्षभर राबलो काका, आणि आता एका मॅचवर सगळं, असं म्हणाला. त्याला बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग मी सांगितलं.

त्याने विचारलं, खात्री आहे? मी म्हणालो, मीच शिकवलंय. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. असा माणूस पाहिला नाही, असं म्हणाला. गडबडीत मोजे विसरून गेला.

तत्त्व म्हणजे तत्त्व. मंडळाच्या शपथेत 'संघ आधी' असं लिहिलंय आणि ती शपथ मीच लिहिली आहे. मन अगदी हलकं झालं. जेवण मात्र गेलं नाही. सौ.ने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, ॲसिडिटी.

शुक्रवार, ८ मे.

दुकानामागे मंडळाची रंगीत तालीम. गोलकीपरच्या मागे उभं राहून त्याला भंडावून सोडायचं, ही आपली खासियत. मी ओरडतो, 'कुणी शिकवलं?' सगळे ओरडतात, 'येड्या बापानं!' ही घोषणा माझीच. या घोषणेने भलेभले गोलकीपर रडकुंडीला आले आहेत.

मेहुणा चाचरत म्हणाला, दाजी, या वेळी ही नको घ्यायला. मी म्हणालो, परंपरेत अपवाद नसतो. तालमीत सगळे जरा जास्तच जोरात ओरडले. उत्साह चांगला आहे.

शनिवार, ९ मे.

सौ. पण येणार म्हणते. डबा घेऊन. मी समजावलं की पाहुण्या संघाचे पाठीराखे समोरच्या गोलकीपरसाठी डबा नेत नसतात, जगात कुठेच नेत नाहीत. ती म्हणाली, मी कुठे पाठीराखी आहे? मी आई आहे. मिनीबसमध्ये जागा होती, म्हणून परवानगी दिली.

उद्यासाठी संकल्प केले. त्याच्याकडे बघायचं नाही. बघावं लागलंच तर गोलकीपर म्हणून बघायचं. आवाज पहिल्या हाफमध्ये राखून ठेवायचा. पोटात गोळा आल्यासारखं वाटलं तर पाणी प्यायचं.

आत्ताच दोन तांबे प्यायलो.

रविवार, १० मे. मिनीबसमध्ये.

अक्षर रस्त्यामुळे हलतंय. हात स्थिर आहे.

दुपारी. त्यांचं मैदान.

याला मैदान म्हणायचं? एका बाजूला चार पायऱ्यांचा सिमेंटचा कट्टा, वर पत्रा. दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी घरांच्या मागच्या भिंती, तिथे कपडे वाळत घातलेले (पांढऱ्यांत रंगीत, कठीण आहे). तिकीट देणाऱ्या बाईच माइकवरून नावं पुकारतात. पाहुण्यांना गोलच्या मागे उभं करतात, दोरी आणि मुताऱ्या यांच्या मधल्या पट्ट्यात. नजर गोलवर ठेवा आणि नाक मुठीत धरा, अशी व्यवस्था.

मी छाती काढून तिकीट मागितलं. शिव्या ऐकायची तयारी होती. बाई म्हणाल्या, गोलकीपरचे वडील ना? तुम्हाला कसलं तिकीट? तुमच्यासाठी पत्र्याखाली दोन खुर्च्या ठेवल्यात, त्यानेच सकाळी येऊन ठेवल्या. अहो, स्वतः पुसल्या.

मंडळाचे सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, मी पाहुण्या संघाचा अध्यक्ष आहे, मी दोरीमागेच उभा राहणार. टाळ्या झाल्या. सौ. डबा घेऊन खुर्चीवर जाऊन बसली. शेजारच्या खुर्चीवर तिने पर्स ठेवली.

उन्हात डोळ्यांत पाणी येतंय. टोपी विसरलो.

हाफ टाइम.

मुतारीच्या रांगेतून लिहितोय. ०-०. असंच राहिलं तर वाचलो!

पहिल्या हाफमध्ये तो पलीकडच्या गोलमध्ये होता, त्यामुळे घोषणा राखून ठेवली. दुरून उंच वाटतो. खातोय की नाही कोण जाणे. एक कॉर्नर त्याने हवेतच उचलला. गोलकीपर म्हणून बघितलं. गोलकीपर म्हणून बरा आहे.

आता तो आमच्या पुढ्यात येणार. मेहुणा दोनदा येऊन बरं वाटतंय ना विचारून गेला. मला काय धाड भरली आहे?

संध्याकाळी. मिनीबस, परतताना.

पुढच्या सीटवर एकटा आहे. बाकी सगळे मागे. मेहुणाही. सौ. तिथेच थांबली, उद्या येईन म्हणाली. झालं ते नीट लिहून ठेवतो, नाहीतर लोक काहीही बोलतील.

सेकंड हाफ सुरू झाला. तो आला, आम्हाला पाहिलं, मान हलवली आणि पाठ करून उभा राहिला. मी 'कुणी शिकवलं?' ओरडायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. धूळ. मग मेहुण्याने सुरुवात केली आणि सगळ्यांनी ठणठणीत उत्तर दिलं, 'येड्या बापानं!' पुन्हा पुन्हा. पत्र्याखालचे लोकही हसायला लागले. त्याने एकदाही वळून पाहिलं नाही. मी माझ्याच घोषणेत इतका वेळ गप्प कधी उभा राहिलो नव्हतो.

मग त्यांनी गोल केला. ०-१. आपण खालच्या गटात. कॅप्टन सगळ्यांवर खेकसत होता. आणि अगदी शेवटी, रेफ्रीने शिट्टी तोंडाजवळ नेलेली असताना, त्यांच्या एकाने आपल्या फॉरवर्डला, लंब्याला, पाडलं. पेनल्टी!

मंडळ वेडं झालं, ढोल बडवायला लागलं. लंब्या स्वतःच मारणार होता. कॅप्टन त्याच्याजवळ गेला, तोंडावर हात धरून कानात काहीतरी बोलला. काय बोलला ते इथे मला एकट्याला माहीत होतं.

मला फक्त चिरंजीवाची पाठ दिसत होती. त्याने हात पँटला पुसले. लहानपणीही असेच पुसायचा, आणि मी असाच मागे उभा असायचो, बॉल गटारात जाऊ नये म्हणून. लंब्या धावला. मला एकदम वाटलं की हे पोर आता सगळ्यांसमोर चुकीच्या बाजूला पडणार आणि पाडणारा मी. तोंडातून निघालं, 'डावीकडे!'

तो डावीकडे झेपावला. बॉल मनगटाला लागून खांबाबाहेर गेला.

मी उडी मारली. दोन्ही हात वर. 'माझा पोरगा!' असंही काहीतरी ओरडलो म्हणतात. हातात झेंडा होता. आपला. आपला संघ खालच्या गटात गेल्यावर आपलाच झेंडा नाचवणारा मी एकटा होतो. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. खाली आलो तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते.

खुलासा: मी ओरडलो ते लंब्याला. ऐनवेळी विसरला तर, म्हणून आठवण करून दिली. उडी मारली ती पायात गोळा आल्यामुळे.

खुलासा मिनीबसमध्ये वाचून दाखवला. ड्रायव्हरने रेडिओ मोठा केला.

सोमवार, ११ मे.

मंडळाची तातडीची बैठक. मला बोलावलं नव्हतं, पण बैठक माझ्या दुकानामागे असल्याने ऐकू आलं. अध्यक्षपद मेहुण्याकडे गेलं. तो नंतर आत येऊन, दाजी, मी नकोच म्हणत होतो, असं सांगून गेला. झेंडाही नेला. दुपारी क्लबचा माणूस येऊन राहिलेले मोजे घेऊन गेला. पुढच्या सीझनपासून जर्सी दुसरीकडे देणार म्हणाला.

लोकांना कळत नाही. कळेल.

खरं सांगायचं तर आतून बरं वाटतंय. सगळ्यांनी टाकलं, पण माझ्या एका हाकेने पोरगं तरलं. मी ओरडलो नसतो तर उजवीकडे गेला असता बिचारा. सौ. आली की तो स्वतःच फोन करून थँक्यू म्हणेल. आपण लगेच विरघळायचं नाही. दोन-तीन वाक्यं ताठ बोलायची, मग हळूहळू.

मंगळवार, १२ मे. सकाळी.

सौ. काल परतली. खूश आहे. फोनची वाट पाहिली. लाइन खराब असेल.

दुपारी.

सौ.कडे सहज विषय काढला. म्हटलं, माझा आवाज त्याला नीट पोहोचला ना? ती म्हणाली, कसला आवाज? त्याला काहीच ऐकू आलं नाही, ढोल बडवत होती ना तुमची माणसं. मग डावीकडे कसा गेला, असं विचारलं. तर म्हणे कॅप्टन लंब्याच्या कानाला लागला, तेव्हाच त्याने ओळखलं. बाबांनी सांगितलं असणार. म्हणजे बॉल डावीकडे येणार. आई, या एका बाबतीत मला पहिल्यापासून बाबांची खात्री होती, असं हसत म्हणाला.

मग सौ.ने विचारलं, सांगितलं होतं तुम्ही?

मी इस्त्री गरम झाली का ते बघितलं. ती म्हणाली, आणि हे ठाऊक असूनही त्याने सकाळी तुमची खुर्ची पुसली.

खूप लाज वाटली. ॲसिडिटी नव्हे. लाजच.

संध्याकाळी.

मी फोन लावला. त्याने लगेच उचलला. ताठ वाक्यं सापडली नाहीत. म्हणालो, झेप घेतल्यावर उठायला उशीर करतोस. हो, म्हणाला. फोन ठेवेल अशी भीती वाटली, म्हणून म्हणालो, मॅचचे कपडे इकडे पाठवत जा, चिखलाचे डाग मला चांगले काढता येतात, हल्ली जरा मोकळाच असतो.

तो म्हणाला, इथे आहे लॉन्ड्री, बाबा.