परसदाराची वाटणी

परमेश्वराला साक्षी ठेवून मी, या घरातली थोरली, जिला मुलांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे अक्का म्हणतात, हे शेवटचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शेजारच्या डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. अशा ठिकाणी ‘चित्त स्थिर असताना’ असेही लिहिण्याचा प्रघात आहे. ते मी लिहिणार नाही, कारण ते असत्य होईल. दुपारी गवंडी मोजमाप घ्यायला येणार आहे. सकाळपासून मी चार ओळी लिहिते, उठते, दारापर्यंत जाते, परत येते.

कलम १. यापूर्वी केलेले इच्छापत्र मी रद्द करते. त्यात घराबरोबर मागचे परसदारही थोरल्या मुलाच्या नावे केले होते. तो त्या जागेचे काय करणार हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. आता आहे. त्याला तिथे पत्र्याची शेड घालून दुकानातला माल ठेवायचा आहे.

कलम २. खालच्या खोल्या थोरल्याला, वरच्या धाकट्याला. धाकटा परगावी असतो. तो कायमचा परतेपर्यंत वरच्या खोलीतली थोरल्या सुनेची शिलाई मशीन आहे तिथेच राहील. बँकेतली शिल्लक दोघांनी समान घ्यावी आणि त्यावरून तोंडे फिरवू नयेत.

कलम ३. चीजवस्तू. माझ्या पोथ्या वाचणाऱ्याला द्याव्यात, नुसत्या पुजणाऱ्याला देऊ नयेत. धाकट्याने मनगटावर बांधायला एक घड्याळ पाठवले आहे. ते मधूनच थरथरते आणि ‘आता खोल श्वास घ्या’ असे सांगते. मी त्याला फोनवर म्हणाले, “अरे, इतकी वर्षं मी काय घड्याळाला विचारून श्वास घेत होते?” तर म्हणाला, “अक्का, स्वतःकडे बघत जा गं जरा!” ते घड्याळ त्यालाच परत करावे, त्याच्या आवाजावरून गरज त्याला जास्त आहे. झारी आणि खुरपे परसदारासोबत जावे. फांद्या छाटायची कात्री मात्र शेजारच्या जाऊबाईंना द्यावी. त्यांनी ती एकदा उसनी नेली, विसरल्या, आणि परत आणली तेव्हा तिच्याने देठसुद्धा तुटेना. क्षमेचे माहात्म्य मी जाणते. तरीही धार लावून देऊ नये.

(इथे उठले होते. फाटक वाजल्यासारखे वाटले. कोणी नव्हते.)

कलम ४. परसदाराचे वर्णन. स्वयंपाकघराच्या मागच्या पायऱ्या उतरल्यावर लागणारी, तिन्ही बाजूंनी भिंत असलेली मोकळी जागा. त्यात एक लिंबाचे झाड, भिंतीवर चढलेली जाई, नळाखाली पुदिना, आणि टोकाला दगडी ओटा. घर दिसले की काम दिसते, म्हणून यजमानांनी ओटा घराला पाठ करून बांधला. थोरला या जागेला ‘रिकामी’ म्हणतो. शास्त्रकारांनी आकाशालाही महाभूतांत गणले आहे. रिकामे ते निरुपयोगी असते, तर पाचांची चारच राहिली असती.

ओट्याचा नियमही यजमानांचाच. ओट्यावर बसलेला माणूस घरात नाही असे समजावे; त्याला हाक मारू नये, मग पाहुणे येवोत की दूध उतू जावो. एरवी या घरात कोणाच्याही वाट्याला स्वतःची अशी एक घटकाही येत नसे. त्या नियमावर आम्ही सगळे तगलो. मी तिथे कोमट पाण्यात पाय सोडून बसले, गुडघ्यांना तेल चोळले, केस उन्हात वाळवले, आणि नाम घेता घेता पुष्कळ भांडणे विसरले. कात्रीचे तेवढे राहिले. देह हे देवाने राहायला दिलेले घर आहे. राहणाऱ्याने निदान झाडलोट तरी करावी. यजमान त्याच ओट्यावर बसल्या बसल्या गेले. असे मरण योग्यांनाही मागून मिळत नाही, असे मी आजवर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आले.

कलम ५. सबब परसदार मी थोरल्या सुनेच्या नावे करते, मुलाच्या नाही. ती दिवसभर मान मोडून शिवत असते. खांदे भरून आले की ओट्यावर जाते, लिंबाच्या शेंड्याकडे बघत बसते, आणि उठते तेव्हा तिची चाल बदललेली असते. शेडची गोष्ट जेवताना निघाली, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “अहो, तेवढी एक जागा राहू द्या.”

“कपडे वाळत घालायला गच्ची आहे ना?” थोरला म्हणाला.

“कपड्यांचं कुठे म्हणतेय? माझं म्हणतेय मी.”

तो ताटावरून उठला. बाप असता तर त्याची ही छाती झाली नसती. ज्याला बापाने घडवलेल्या ओट्याची किंमत नाही, त्याला तो मिळू नये.

(गवंडी आला. लेखणी ठेवली होती, ती आता ओट्यावरच बसून पुन्हा घेतली आहे. मधल्या वेळात जे झाले ते नोंदवणे भाग आहे; नाहीतर हा कागद ज्यांच्याकडे जाणार त्या वकीलबाई पुढचे कलम वाचून म्हणतील, म्हातारीचे डोके फिरले.)

गवंड्याने ओट्याला मोजपट्टी लावली, तशी मी जाऊन ओट्यावरच बसले.

“अक्का, तुम्हालाही धरू का मापात?” गवंडी म्हणाला.

“धर. मी हलणार नाही.”

“ऊठ गं, अक्का,” थोरला वरच्या पायरीवरून म्हणाला. तो खाली उतरत नव्हता. बाप गेल्यापासून तो परसदारी उतरलेला मी पाहिला नाही, हे माझ्या ध्यानात आले ते त्या क्षणी.

“माल ठेवायला गावात दुसरी जागा नाही तुला? बापाच्या ओट्यावरच पत्रे घालायचेत?”

“मालाचं काय घेऊन बसलीस! मला ते बघायला नकोय.”

“काय बघायला नको?”

“पाठ,” तो म्हणाला. मग गवंड्यासमोरच बोलत सुटला. “त्या दिवशी चहा घेऊन मी इथेच उभा होतो. बाबा बसलेले, पाठ माझ्याकडे. ओट्यावर आहेत, हाक मारायची नाही. फिरलो माघारी. चहा गार होईल म्हणून मीच पिऊन टाकला, अक्का. आणि ते केव्हाचेच गेले होते.”

“डॉक्टर म्हणाले होते ना रे, हाक मारून काही फरक पडला नसता.”

“माहीत आहे मला. पण हाक तरी मारली असती!”

वर मशीनचा आवाज थांबला होता. सून जिन्यात येऊन उभी होती. गवंड्याने मोजपट्टी गुंडाळली. “मी उद्या येऊ का?” त्याने विचारले. मग बिचारा लिंबाखाली जाऊन बसला.

कलम ६. कलम ५ मधली शेवटची दोन वाक्ये मी मागे घेते. खोडत नाही, रागात लिहिलेलेही माझेच अक्षर आहे. परसदार थोरल्या सुनेचेच राहील आणि तिथे शेड, छत वा खोली कोणीही घालू नये. ओटा मात्र पाडावा. गवंड्याने त्याच दगडांचा ओटा लिंबाखाली, घराकडे तोंड करून बांधावा, म्हणजे बसलेल्याचा चेहरा पायरीवरून दिसेल. घर पाहून काम आठवले तर आठवो.

यजमानांच्या आत्म्याची क्षमा मागून त्यांच्या नियमात मी दुरुस्ती करते. बसलेल्याला एक हाक मारावी. ओ आली की पुढे काही विचारू नये, काही मागू नये. ओ आली नाही, तर धावावे.

कलम ७. ही हाक मारण्याचा पहिला हक्क थोरल्याचा. तो त्याला विकता, गहाण ठेवता किंवा भावाच्या गळ्यात टाकता येणार नाही. हे लिहीत असता तो पायऱ्या उतरून आला आणि माझ्या खांद्यावरून वाचू लागला.

“अक्का, मृत्युपत्रात असलं काही लिहितात का?”

“वकीलबाई नाही म्हणाल्या, तर त्यांना थोडा वेळ इथे आणून बसव.”

कलम ८. या इच्छापत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. चित्त अजूनही स्थिर नाही; पण आता ते कशासाठी धावते आहे हे मला कळते आहे, आणि कायद्याला तेवढे पुरावे.

ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये असे बजावलेले असल्याने घरचे कोणी सही केलेली नाही. पुढील दोघांच्या समक्ष मी सही केली व त्यांनी माझ्या समक्ष केली.

साक्षीदार पहिले: शेजारचे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरे: गवंडी (सही)

स्थळ: राहत्या घराचे परसदार
दिनांक: ओटा पाडण्याआधीचा दिवस, आकडा वकीलबाईंनी घालावा.

सही: अक्का

खुलासा: सहीतले शेवटचे अक्षर हलले आहे, ते बनावट समजू नये. सही चालू असताना मागून थोरल्याची हाक आली, आणि मला आधी ओ द्यावी लागली.