दप्तरखान्यातून आलेले पत्र आणि माझी मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, भूगोलाच्या मास्तरांची विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळ्यांचे तसे म्हणता येणार नाही, पण सुईत दोरा अजून मीच ओवते. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणणाऱ्याची मी गय केली नसती. याआधी केलेला मसुदा रद्द समजावा.

१. राहते घर, मागच्या शिवणखोलीसह, माझ्या एकुलत्या एका मुलीला. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. फक्त त्याआधी जिन्याची तिसरी पायरी दुरुस्त करून घ्यावी. घेणारा आपटला तर शिव्या मला बसतील.

२. पायाची शिलाई मशीन आणि दोन्ही मोठ्या कात्र्या शेजारणीला. ती पडदे वाकडे शिवते. कात्री चांगली असली तर निदान कापड तरी सरळ कापले जाईल. या कात्र्यांनी कागद कापू नये.

३. माझ्या दिरांना काही नाही. हे विसरून राहिलेले नाही, आठवणीने केले आहे. मास्तरांच्या अंत्यविधीच्या दिवशी, माणसे दारात उभी असताना, ते म्हणाले, "दादानं शेवटची अकरा वर्षं एका मेलेल्या पाद्र्यापायी घालवली." बोलणे खरे होते. पण ते बोलायचा हक्क माझा होता.

४. त्या पाद्र्याविषयी. मास्तरांचे पणजोबा बायको वारल्यावर दोन मुले बहिणीच्या पदरात घालून धर्मगुरू झाले आणि डोंगराकडच्या एका धर्मग्रामात, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, एकतीस वर्षे प्रमुख धर्मगुरू म्हणून राहिले. घरात त्यांच्याबद्दल एवढेच ठाऊक होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तरांनी त्यांचा शोध घ्यायला घेतला. बाप्तिस्म्याच्या, लग्नांच्या, दफनांच्या जुन्या नोंदवह्या त्या धर्मग्रामाच्या दप्तरखान्यात होत्या, आणि त्या सांभाळायला एक बाई होत्या. दर गुरुवारी मास्तर पहिल्या बसने तिकडे. अंगात इस्त्रीचा शर्ट, मी शिवलेला. हातात डबा, मी भरलेला. तो उघडायचा त्या बाईंसमोर.

संध्याकाळी घरी आले की सुरू: "बाई म्हणाल्या, फादरांचं अक्षर उतारवयात डावीकडे झुकलं." एकदा मी विचारले, "माझं अक्षर कुठं झुकतं, सांगा बरं." ते चष्मा पुसत राहिले.

मला हेवा वाटे. बाईंचा वाटे हे कोणीही समजून घेईल. पण मला फादरांचाही वाटे. मुलगी हसायची, "आई, शंभर वर्षांपूर्वी मेलेला माणूस कधी कुणाची सवत असतो का?" असतो. जिवंत सवतीशी भांडता तरी येते.

मास्तरांना एक नाव हवे होते, पणजीचे. सगळ्या कागदांत नुसते "दिवंगत पत्नी". लग्नांची वही वाळवीने खाल्लेली. चारशे पानांचे हस्तलिखित त्या एका नावापाशी अडून बसले होते.

५. पुढची गोष्ट मी चर्चमध्ये फादरांसमोर, पापनिवेदनाच्या खिडकीशी बसून सांगितली आहे, मुलीला सांगितलेली नाही. तिने ती येथे वाचावी.

शेवटच्या वर्षी मास्तरांचे हृदय थकले. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. त्याच आठवड्यात बाईंचे पत्र आले, मास्तरांच्या नावे. मी फोडले. फादरांच्या हातची एक दफनवही कपाटामागे सापडली होती, ओलीने पाने चिकटलेली. शेवटचे वाक्य असे होते: "तुम्ही आल्याशिवाय मी पानं सोडवणार नाही."

ते वाक्य मला झोंबले. उभ्या जन्मात मला कोणी असे लिहिले नव्हते. पत्र मी बटणांच्या डब्यात तळाशी घातले. मनाशी म्हटले, प्रवास बंद आहे, उगाच जिवाला घोर कशाला. ही पळवाट होती. पत्र वाचून दाखवायला प्रवास लागत नाही.

टपालवाला येऊन गेला की मास्तर खाटेवरून विचारत, "बाईंचं काही?"

"नाही."

असे जवळजवळ सहा आठवडे. मग एके दिवशी म्हणाले, "विसरल्या वाटतं." त्यानंतर त्यांनी विचारले नाही. दहा दिवसांनी गेले.

अंत्यविधीला बाई आल्या होत्या. सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. निघताना मला म्हणाल्या, "मी लिहिलं होतं. उत्तर आलं नाही." मी रुमाल तोंडाला लावला. लोकांना वाटले, रडते आहे.

६. आठ महिन्यांनी पत्र घेऊन मी दप्तरखान्यात गेले. लांब टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, एकीवर पाठीची उशी. ती मी शिवलेली. बसमध्ये राहिली, असे मला सांगितले होते.

मी पत्र टेबलावर ठेवले. बाईंनी पाकिटाची फाटकी कड बघितली.

"ते माझ्यावर रागावून गेले, असं मी आजवर समजत होते," त्या म्हणाल्या.

"तुम्ही विसरलात, असं समजून गेले."

"हे तर आणखी वाईट."

मी म्हणाले, "मला तुमचा हेवा वाटायचा."

"माझा? संध्याकाळची बस धरून ते तुमच्याकडेच जायचे ना?" आवाज चढलेला नव्हता. मी माफी मागितली नाही, त्यांनी दिली नाही. मग म्हणाल्या, "हात धुऊन या. नीट कोरडे करा."

वही त्यांनी अजून उघडली नव्हती. पातळ पट्टीने एकेक पान सोडवेपर्यंत आमची दुपार उलटली. दर वर्षी एकाच तारखेला, समासात, बारीक अक्षरात फादरांनी मिस्सा, म्हणजे गेलेल्या माणसासाठी चर्चमध्ये करायची प्रार्थना, लिहून ठेवली होती, आणि पुढे नाव. एकतीस वर्षे तेच नाव. आडनाव नाही; घरात हाक मारतात तसे. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्या आले नाही. मला त्या पणजीचाही हेवा वाटला. तिचा नवरा धर्मगुरू होऊनसुद्धा तिचे नाव लिहीत राहिला. माझ्या नवऱ्याच्या चारशे पानांत मी कुठेही नाही. मी शोधले आहे.

ते नाव येथे लिहीत नाही. ते आधी मास्तरांच्या पुस्तकात छापून यावे.

७. पुस्तकाचे शेवटचे प्रकरण बाईंनी आणि मी मिळून लिहिले आहे. दोन हिवाळे लागले आणि तीन वेळा भांडण झाले. लेखक म्हणून नाव मास्तरांचेच राहील. बँकेतली ठेव छपाईला वापरावी. उरेल ते मुलीचे. आभारात बाईंचा उल्लेख पहिला असावा. माझा करायचा की नाही, ते मुलीने ठरवावे. मी सुचवणार नाही.

८. आधीच्या मसुद्यात हस्तलिखित मी बाईंना दिले होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, दिलेले रद्द होते. बाई तेव्हा समोरच बसून मसुदा वाचत होत्या. पाचव्या कलमाशी थांबल्या.

"मग मला हस्तलिखित नको. मी साक्षीदार होते."

"अहो, अकरा वर्षांचे कष्ट आहेत तुमचे त्यात," मी म्हटले. "सहीचं काय एवढं?"

"मी पत्र पाठवलं होतं, असं यात लिहिलंय," बाई म्हणाल्या. "त्याच्याखाली मला सही करायचीय."

म्हणून हस्तलिखित मुलीला.

वरील मजकूर मी दोनदा वाचला. खाडाखोड केलेली नाही. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करत आहे, आणि त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत केली आहे.

ठिकाण: राहते घर, शिवणखोली
तारीख: १९ नोव्हेंबर २०१९

सही: मृत्युपत्र करणारी, मास्तरांची बायको

साक्षीदार पहिले: मास्तरांना तपासणारे डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसऱ्या: दप्तरखान्यातल्या बाई, पत्र पाठवणाऱ्या (सही)