चंपाचं न्हाण

गंगापूर, ता. ९ मार्च १९८७

चि. सौ. बानाबाईस सोनाजीचा आशीर्वाद. वि. वि.

दुष्काळामुळे मेंढरं घेऊन सगळे गोदाकाठी उतरलो आहोत. बातमी आनंदाची आहे. माझ्या चंपाला न्हाण आलं. आठ वर्षांची पोर, पण अंगानं अशी भरली आहे की ओळखणार नाहीस. पोट दुखतं म्हणते, पण आई म्हणते, बाईच्या जातीला ते चालायचंच, बिरोबाची कृपा लई. ओटी भरायला आत्या हवी. शहरात मडम झालीस, तरी मेंढरांच्या वासाला नाक न मुरडता ये. लोभ आहेच, आटू देऊ नकोस.

तुझा दादा

औरंगाबाद, ता. १७ मार्च

ती. दादास बानाचा सा. न. वि. वि.

नळाला चौथ्या दिवशी पाणी, त्यात यांची कंपनीतली पाळी. येणं जमत नाही. शहागंजातून हिरवं लुगडं घेऊन तिकडे निघालेल्या बन्सीभाऊजींसोबत पाठवते आहे. आठव्या वर्षी न्हाण म्हणजे मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पण शेजारणी म्हणाल्या, एखादीला येतं लवकर. पोट दुखलं तर ओवा आणि गूळ दे. आईला दंडवत. धाकट्या बहिणीवरची माया तशीच राहू दे.

बाना

औरंगाबाद, ता. २८ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

मे महिन्यात चंपाचं पोट फुगलं, तेव्हा तू तिला इथल्या दवाखान्यात माझ्या हवाली करून गेलास, त्यानंतरचं सगळं लिहिते. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. ते न्हाण नव्हतंच. अंडाशयात गाठ होती, लाखात एखादीला होते अशी. त्या गाठीनंच पोरीला अवेळी बाई केलं. पोरीला मार्चमध्ये आणली असती तर नुसती गाठ काढून भागलं असतं. ती आत फुटली आणि पोटभर पसरली. ऑपरेशननंतर रक्त थांबलं, अवेळी भरलेली छाती बसली, सागरगोट्यांवरून पोरांशी भांडू लागली. मला वाटलं, आपली चंपा परत मिळाली. पण सलाईनमधून दिलेली औषधं लागू पडली नाहीत. पोटात पुन्हा पाणी भरतं आहे. बाई म्हणाल्या, आता घरी न्या. मला शंका आली होती दादा, तरी मी ओवा दे म्हणून लिहिलं. मला माफ करू नकोस.

बाना

गंगापूर, ता. ३ ऑगस्ट

चि. बानाबाईस आशीर्वाद.

तू लांब होतीस. मी तिथंच होतो. दर महिन्याला तिला पालाबाहेर वेगळी बसवायचे. ती “आबा, पोट लई दुखतंय” म्हणून मला हाका मारायची. त्या दिवसांत बापानं जवळ जायचं नसतं, म्हणून मी मेंढरांत जाऊन बसायचो. मेंढीचं पोट फुगलं तर मी हात लावून आतलं सांगतो, चार गावचे धनगर मला बोलावतात. पोरीच्या पोटाला मी एकदाही हात लावला नाही.

शुक्रवारच्या एस.टी.नं तिला न्यायला येतो. तुझा लोभ माझ्यावर का असावा, कळत नाही. तरी असू दे.

सोनाजी