बोडीतला मासा

आंधळगाव

प्रिय रीना,

हे पत्र लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. दोन ओळी झाल्या की पाय आपोआप तुझ्या मासोळीच्या टाकीकडे वळतात. तुझी आई करवादते, "बसा ना जी एका जागी! पाहून राहिल्यानं का मासोळी बरी होते?" तिला काय सांगू? तू मागे ठेवून गेलेली सोनेरी गुलाबो आजारी आहे आणि दोष माझा आहे.

झालं असं, गुलाबो एकटी पडली म्हणून आपल्या शेतातल्या बोडीतून एक लहानसा मासा आणून मी थेट टाकीत सोडला. नवा मासा पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेवायचा, असं तू कितीदा बजावलं होतंस. दुकानातला असता तर ठेवलाही असता गं. पण हा माझ्या आजोबांनी खोदलेल्या तळ्यातला. घरच्याला काय तपासायचं, म्हटलं.

दोन आठवड्यांनी गुलाबो दगडांना अंग घासू लागली. चष्मा लावून पाहिलं, तर पंखाजवळ पांढरा दोरा लोंबत होता आणि बुडाशी लाल सूज. मला वाटलं, शेवाळ. बोटाने ओढला तर अर्धा तुटून हातात आला. ती अशी थरथरली की त्या दिवशी मला घास उतरला नाही.

मग मी काय केलं, हसू नकोस. भंडाऱ्याला धम्मदीपच्या मासोळ्यांच्या दुकानात फोन लावला आणि तुमसरचं गिऱ्हाईक बोलतोय म्हणालो. त्याने शांतपणे सगळं समजावलं. तो दोरा नाही, कातडीत रुतलेला किडा आहे. मासोळी ओल्या फडक्यात धरायची, चिमटा अगदी बुडाशी लावून किडा हळूच ओढायचा, जखमेला औषध लावायचं. पाण्यात पिल्लं उरतात, म्हणून टाकीत दर आठवड्याला एकदा, असं तीनदा औषध. मी फोन ठेवणार तोच म्हणाला, "मामाजी, हात हालू नोका देऊ. किड्याचं मुंडकं आतच राहून जाते." सासऱ्याला म्हणतात तसं, मामाजी. सुरुवातीलाच ओळखलं असणार त्याने मला.

तीन किडे निघाले. औषध दोनदा झालं, परवापासून गुलाबो दाणे खाते आहे. पण माझ्या जिवाला चैन नाही. दोन वर्षांपूर्वी तुमच्या लग्नाचं सांगायला तो आला, तेव्हा जात विचारून मी त्याला ओसरीवरूनच परत पाठवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. बोडीतल्या माशाला मात्र काही न विचारता आत घेतलं. चुकलो मी, पोरी. हे फोनवर माझ्याने बोलवलं नसतं, म्हणून हा कागद.

तिसरं औषध रविवारी आहे. ये. एकटी नको. औषध त्यानेच आपल्या हाताने घालावं. टाकी आतल्या खोलीत आहे, देव्हाऱ्याशेजारी, हे त्याला आधीच सांगून ठेव.

वाट पाहणारा, तुझाच
बाबा