ध्रुवावरच्या सामाईक दाराबाबत

ती. भाऊजींस सादर नमस्कार.

आम्ही सगळे इकडे ठणठणीत आहोत. आपल्या गुडघ्याची खुशाली कळवावी. (डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आपण करत नाही हे ताईने कळवलंच आहे, तेव्हा तेवढं पुन्हा कळवण्याची तसदी घेऊ नये.) मोजणी खात्यातली कायमची नोकरी सोडून बर्फ मोजायला गेलेल्या ज्या मुलाचं नाव आपल्यासमोर काढायचं नाही असं वर्षभरापूर्वी घरात ठरलं, त्याचं नाव मी या पत्रात काढणार नाही. मी लिहिणार आहे ते फक्त एका दाराबद्दल. आता ते दार ज्या घराचं आहे त्या घरात तो राहतो, याला माझा इलाज नाही.

तर झालं असं. ध्रुवावर पाच देशांचं मिळून एक संशोधन केंद्र आहे. प्रत्येक देशाचा एकेक माणूस तिथे राहतो, आणि पाचही जण गुण्यागोविंदाने नांदतात, कारण भांडून जायचं कुठे? गेल्या महिन्यात वादळाने तिथलं मुख्य दार बिजागऱ्यांसकट उचलून नेलं. सध्या मंडळी ताडपत्री ताणून, तिला आतून टेबल टेकवून बसली आहेत. सामान नेणारं जहाज येत्या शनिवारी सुटतं. त्यानंतर समुद्र गोठतो आणि नऊ महिने तिकडे काडीही जात नाही. म्हणजे शनिवारी दार गेलं नाही, तर अख्खा हिवाळा ताडपत्रीवर. आपल्याला ठाऊकच आहे, रबराच्या पट्ट्या कापण्यापासून सुरुवात करून मी आज शीतगृहांची दारं बनवणारा कारखाना चालवतो. (आपण त्याला अजूनही ‘दुकान’ म्हणता, ते असो.) चार दिवसांत दार तयार करून भिंतीला टेकवून ठेवलं आणि म्हटलं, सुटलो. पण सामाईक केंद्राच्या दाराला पाचही देशांची संमती लागते. एकाने जरी नाक मुरडलं तरी विषय पुढच्या बैठकीत. म्हणून मला पाचही देशांच्या परिषदेला बोलावण्यात आलं, ‘तज्ज्ञ निरीक्षक’ म्हणून. तज्ज्ञ निरीक्षकाला खुर्ची मिळते, पाण्याची बाटली मिळते, गळ्यात अडकवायला फोटो मिळतो. फक्त बोलता येत नाही. आपल्या घरी माझा जो दर्जा आहे, तोच.

परिषदेचं काम मोठं पाहण्यासारखं. सकाळी शास्त्राची बैठक. त्यात एका बारीक आवाजाच्या बाईंनी पडद्यावर नकाशा दाखवून सांगितलं की बर्फ झपाट्याने वितळतो आहे. सगळे गंभीर झाले, दोघांनी चष्मे पुसले, आणि चहा आला. दुपारी आर्थिक विकासाची बैठक. तोच नकाशा, त्याच खुर्च्या, तीच माणसं. बर्फ झपाट्याने वितळतो आहे, म्हणजे खाली काय काय निघेल? सगळ्यांचे चेहरे खुलले आणि चहाबरोबर बिस्किटंही आली. एकाच बातमीचं सुतक सकाळी आणि बारसं दुपारी करणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. मधल्या वेळात फक्त टेबलावरची फुलं बदलली होती.

तिसऱ्या दिवशी दाराचा नंबर लागला. प्रश्न असा की दार आत उघडावं की बाहेर? भाऊजी, एका रात्रीत तिथे दारासमोर छातीइतका बर्फ साचतो. बाहेर उघडणारं दार सकाळी हलणारच नाही. उत्तर एका ओळीचं आहे. त्या ओळीला दोन दिवस लागले. अग्निशमनवाले म्हणाले, आग लागली तर माणसं बाहेर पळणार, सबब दार बाहेरच उघडलं पाहिजे. त्यावर शेजारच्या देशाचे उंच वकील उभे राहिले. दार बाहेर उघडलं की तीन फूट बर्फावरून फिरणार; आणि तो बर्फ कुणाचा हे ठरवायचं नाही असंच तर ध्रुवाबाबतच्या तहात ठरलं आहे. म्हणजे हे अतिक्रमण. (आपण बत्तीस वर्षं बांधावरची भांडणं मिटवलीत, पण बिजागरीवर बसून सरकणारा बांध आपणही पाहिला नसेल.) मग आत उघडू दे म्हणावं, तर आतल्या तीन फुटांत तिसऱ्या देशाचं यंत्र आहे, आणि ते हलवायला वेगळा ठराव लागतो. मी दोनदा चिठ्ठी पाठवली. अध्यक्षबाईंनी दोन्ही चिठ्ठ्यांची नोंद घेतली. नोंद घेणं म्हणजे काय ते आपल्यासारख्या सरकारी माणसाला मी काय सांगू! शेवटी एकमताने ठरलं की दाराच्या दिशेवर अभ्यासगट नेमावा आणि त्याने दोन वर्षांत अहवाल द्यावा. टाळ्या झाल्या. मला थंडी वाजली, ती काही तिथल्या एसीमुळे नव्हे.

जेवणाच्या वेळी जहाजाचा माल लिहून घेणारा कारकून एकटाच कोपऱ्यात जेवत होता. अशा माणसाशेजारी बसावं, हे शिक्षण मला कुठल्या कॉलेजात मिळालेलं नाही. मी विचारलं, संमती न घेता त्या जहाजावर काय चढतं? तो घास संपवून म्हणाला, “सामान समिती बघते. खोकं कोण बघतंय?”

मी तडक कारखान्यात गेलो. दार आडवं टाकलं आणि त्याच्याखाली फळ्यांची पेटी बांधली. म्हणजे दार झालं पेटीचं झाकण. सात फूट लांब, तीन फूट रुंद, बिजागऱ्या आणि कडीसकट. गोदामातला तपासनीस त्या झाकणाभोवती दोन प्रदक्षिणा घालून आला आणि त्याने विचारलं की झाकणाला मूठ कशाला. मी म्हटलं, उचलायला. त्याने लिहिलं, ‘झाकण, मुठीसह’, आणि शिक्का मारला. पाच देशांना जे जमलं नाही ते एका शिक्क्याने केलं. (आंतरराष्ट्रीय सहकार्य ते हेच असावं, असा माझा समज झाला आहे.)

रविवारी तिकडून दोन मिनिटांचा फोन येतो. ताडपत्रीमागच्या त्या रहिवाशाने मला दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, “मामा, झाकण आत उघडतं ना? यंत्र आम्ही पाचांनी कधीच सरकवलंय.” मी हो म्हटलं. दुसरी, “बाबांचा गुडघा कसा आहे?” तेवढ्यात दोन मिनिटं संपली. म्हणून पत्राच्या सुरुवातीला चौकशी केली. एरवी आपल्या गुडघ्यात मला विशेष रस नाही.

ताईला आणि आपल्याला पुन्हा नमस्कार.

आपला मेव्हणा,
दुकानदार

ता. क. – रिकामी पेटी जहाजावर घेत नाहीत. आत ‘रहिवाशाचं खासगी सामान’ लागतं आणि पाठवणाऱ्या जवळच्या नातेवाइकाची सही लागते. फॉर्म सोबत जोडला आहे. ‘नातं’ या रकान्यात मी पेन्सिलीने ‘वडील’ लिहून ठेवलं आहे. पटलं तर शाईने गिरवावं. पेटीला गुरुवारी खिळे मारतात.

ता. क. २ – वरचं वाचून आपण फॉर्म बाजूला सारला असणार, म्हणून खरं सांगतो. सही मामाचीही चालते आणि ती मी कालच दुसऱ्या फॉर्मवर केली. दार जाणार, पोरगा उबेत राहणार. आपल्यावाचून काही अडलेलं नाही. फक्त ताईने दिलेले मोजे आणि ब्लँकेट ठेवूनही पेटी बरीच रिकामी राहते आहे.

ता. क. ३ – काय घालावं सुचत नसेल तर पत्र घाला. त्याला शिव्या दिल्यात तरी हरकत नाही. तिकडे नेलेला कागदाचा कपटाही मागे सोडता येत नाही. ज्याच्या नावाने गेला त्याने तो स्वतः परत आणायचा, हा एकच ठराव पाचही देशांनी चर्चा न करता केला आहे. तेव्हा पत्राची प्रत ठेवून घेऊ नका.