व्हायोलिनच्या पट्टीचा गोल

३ फेब्रु., हदगाव
पुतणी निकिता पुन्हा कुरकुरली. "मोठीमाय, जाड तारेवर करंगळी ठेवली की सूर चढतोच. मी न्हाई चुकत, लाकूड चुकून राहिलंय." हे गेले, आता जयंतीला गायन पार्टीत यांच्या जागी निकिताच बसणार, यांचीच व्हायोलिन घेऊन. यांच्या हाती कधी सूर चढला नाही.
लातूरला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या रज्जाकभाईंना फोन. तारांखालच्या काळ्या पट्टीचा गोल बिघडला असेल म्हणे, माप पाठवा. वाचनालयात पुस्तक शोधलं. मापाबद्दल अक्षर नाही.

५ फेब्रु.
वाटीभोवती पुठ्ठ्यावर गोल आखला, आतला कापून टाकला, उरलेली कमान पट्टीवर ठेवली. बसेना. घरातल्या सगळ्या वाट्या झाल्या. फोटो पाठवला. रज्जाकभाई हसत सुटले. "भाभी, तारा तशाच? पागोट्यावरून डोक्याचं माप घेऊन राहिल्या तुम्ही!"

६ फेब्रु.
तारा सैल करून बाजूला सारल्या. लहान वाटीची कमान बेताची बसली. खाली सरकवत आणली. जाड तारेकडं, करंगळीच्या जागी, कमान आणि पट्टीच्या मधून उजेड दिसतो. बाकी कुठं नाही. यांच्या बोटानं झिजली असणार. तिथंच हात फिरवत बसले. भाजी करपली.

९ फेब्रु.
लातूर. बसमध्ये व्हायोलिन मांडीवर. रज्जाकभाईंनी भिंग लावलं. "हे झिजलेलं न्हाई भाभी. बोटाच्या सोयीनं मुद्दाम कानस मारलेली हाय. त्यांची करंगळी नीट वळत होती का?"
कधी नीट पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं त्या हातापुढं ताट वाढलं. शेवटी शेवटी पेला दोन्ही हातांनी धरायचे. मला वाटायचं, चहा गरम असेल.
"घासून एकसारखी करतो. पुन्हा असा खळगा राहायचा न्हाई."
व्हायोलिन तशीच घेऊन परत आले.

१० फेब्रु.
निकिता रुसली. "मग बेसूरच वाजवू का? लोक मोठेबाबांनाच नावं ठेवतील." खरंय तिचं. पण राग यांचा येतो. दुखतं एवढं म्हणायला काय झालं होतं? तेल तरी लावून दिलं अस—

१३ फेब्रु.
रज्जाकभाईंचा फोन, उद्या आणता का. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही.
दुपारी निकिताला म्हटलं, करंगळी जरा मागं ठेवून बघ. एकदा सूर लागला. अगदी यांच्यासारखा. मग कितीदा केलं, पुन्हा लागेना. तिचं बोट लाल झालं.
व्हायोलिनची पेटी दाराशी ठेवलीय. सकाळी बस आहे.