दुखणं थांबलं तेव्हा

मुनिरका, दिल्ली

सौ. अक्षयाताईस उभ्यानेच नमस्कार. टाक्यांमुळे वाकता येत नाही.

ताई, माझ्या पोटातलं दुखणं एकदम थांबलं, त्या क्षणी सगळं बदललं. त्याआधी चार दिवस उजव्या बरगडीखाली कळा येत होत्या, तापही होता. माझी क्षिप्रा म्हणाली, "अ‍ॅसिडिटी आहे यार, ड्रामा नको," आणि ओव्याचं पाणी दिलं. तासाभरात कळ गेली. मला वाटलं, हिच्या हाताला काय गुण आहे! त्याच खुशीत आणखी एक दिवस घालवला.

मग पोट लाकडासारखं कडक झालं. रूममेट प्रतीकने इस्पितळात नेलं. सीटी स्कॅन बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं वाटलं ना, तेव्हाच तुझं पित्ताशय फुटलं." पोट उघडून पू आणि पित्त धुतलं, खड्यांसकट पित्ताशय काढलं.

आता पोटाला लावलेली नळी निघाली आहे, वरणभात पचतो. आईला 'खडे काढले' एवढंच सांग. बाबांचं बीपी कसं आहे? आणि भाऊजींना विचार, कॉलेजात पुन्हा नाव घालता येईल का. का विचारतोय, ते ऐक.

इस्पितळातल्या नऊ दिवसांत क्षिप्रा एकदाच आली. नळीच्या पिशवीतलं हिरवं पित्त बघून तिने नाकाला ओढणी लावली. आज तिच्या खोलीवर माझी पुस्तकं आणायला गेलो, तर मैत्रिणींना हसत सांगत होती, "मेरे अजवाइन के पानी से ठीक हुआ था ये!" हिच्यासाठी मी कॉलेज सोडून दिल्लीला आलो! किळस आली गं, तिची कमी, माझीच जास्त.

पुस्तकं तिथेच टाकली, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.

तुझा,
नीरज